सभासदांची सवलत आणि मोटारीची खरेदी

ज्यांचीं मुलें-सुना अमेरिकेंत संसार थाटून आहेत, अशीं घरें आमच्या वाचकांत आतां थोडीं नाहींत. त्यांपैकीं जे तिकडे चार-सहा महिने राहून आले असतील त्यांना ठाऊकच असेल कीं, मोटार ही तेथें चैनीची वस्तु नव्हे. आपल्याकडे पायांत जशी वहाण, तशी ती तिकडे दाराशीं लागते. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां न्यू जर्सी राज्यांत चिरंजीवांकडे होतों. त्या वेळचा एक अनुभव इतर घरांसहि उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

आमच्या सूनबाई रुग्णालयांत दुसऱ्या पाळीवर काम करतात व मध्यरात्रीं घरीं परततात. जानेवारींतील एका रात्रीं त्यांची बारा वर्षांची जुनी गाडी हमरस्त्यावर बंद पडली. बाहेर हिम पडत होतें. मदतीची गाडी येईपर्यंत त्या दीड तास एकट्या आंत बसून होत्या, आणि इकडे आम्ही तिघें खिडकीशीं. ती रात्र आम्ही विसरणार नाहीं. नवी गाडी घ्यावयाची, हें दुसऱ्या दिवशीं सकाळींच ठरलें.

शनिवारीं चिरंजीव व आम्ही एका विक्रेत्याकडे गेलों. तिकडे प्रत्येक नव्या गाडीच्या कांचेवर एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर उत्पादकानें सुचविलेली किंमत, वाहतुकीचा आकार व जादा साहित्याचे दर छापलेले असतात. १९५८ च्या कायद्यानें हा कागद सक्तीचा झाला, आणि तो कायदा पुढें आणणारे ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी यांच्याच नांवानें तो ओळखला जातो. परंतु ती किंमत केवळ सुचविलेली. खरा भाव विक्रेता व गिऱ्हाईक यांनीं आपसांत ठरवावयाचा. आमच्या विक्रेत्यानें भाव असा सांगितलाच नाहीं. "महिन्याला किती हप्ता झेपेल?" एवढेंच तो पुनःपुन्हा विचारी, आणि दर खेपेस "साहेबांना विचारून येतों" म्हणून आंतल्या खोलींत जाई. असे चार तास गेले. कचेरींत लाखोंचे हिशेब पाहणारे आमचे चिरंजीव अखेर, फळ्यापुढें उभें करूनहि उत्तर न आलेल्या विद्यार्थ्यासारखे खालीं मान घालून बाहेर पडले. दुसरा दिवस रविवार. त्या राज्यांत रविवारीं मोटारींची विक्री कायद्यानेंच बंद असते. त्या कायद्याला आम्हीं मनांतल्या मनांत आशीर्वाद दिला, कारण विचाराला एक दिवस मिळाला.

त्या दिवशीं जेवणें झाल्यावर सूनबाईंनीं पर्समधून एक कार्ड काढून आमच्यापुढें ठेवलें. "मामंजी, आपले तांदूळ जेथून येतात ना, तेथेंच मोटारीचीहि सोय आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. आम्हांला ती थट्टाच वाटली!

तें कार्ड कॉस्टकोचें होतें. सभासदांपुरतें घाऊक भांडार चालविण्याची ही कल्पना सॉल प्राइस या गृहस्थांची. त्यांनीं १९७६ सालीं सॅन डिएगो येथें, विमानें ठेवण्याच्या एका जुन्या इमारतींत, असें पहिलें दुकान काढलें. कॉस्टकोचें पहिलें भांडार १९८३ सालीं सिअ‍ॅटल येथें निघालें व १९९३ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या. सप्टेंबर २०२४ पासून साध्या सभासदत्वाची वार्षिक वर्गणी ६५ डॉलर आहे. मालावर थोडा नफा घ्यावयाचा व मुख्य प्राप्ति वर्गणींतून करावयाची, असा हा व्यवहार. मुंबई ग्राहक पंचायतीनें १९७५ पासून अनेक घरें एकत्र आणून महिन्याचा किराणा घाऊक घेण्याची जी पद्धत चालविली, तिची येथें आठवण होते. मात्र पंचायत ही ग्राहकांची चळवळ आहे आणि कॉस्टको हा व्यापार आहे, हा भेद विसरूं नये.

कॉस्टको स्वतः मोटारी विकत नाहीं. निरनिराळ्या ठिकाणच्या कांहीं विक्रेत्यांशीं सभासदांसाठीं सवलतीचा भाव आधींच ठरविलेला असतो. सभासदानें इंटरनेटवर गाडी निवडली म्हणजे जवळच्या विक्रेत्याचें व तेथील नेमलेल्या माणसाचें नांव कळतें. त्या माणसानें सभासदांच्या किंमतीचा तक्ता पुढें ठेवावयाचा. परभारें दुसऱ्याच कोणाकडे गेल्यास सवलत हातीं लागेलच असें नाहीं. शिवाय कर, नोंदणी, कर्जाचें व्याज आणि जुन्या गाडीचा मोबदला हे सारे विषय या सवलतीच्या बाहेरचे. न्यू जर्सींत विक्रीकर शेंकडा ६.६२५ आहे; म्हणजे तीस हजारांच्या गाडीवर सुमारें दोन हजार डॉलर तो एकटाच!

मंगळवारीं आम्ही नेमलेल्या गृहस्थांकडे गेलों. कांचेवरील किंमत ३१,४०० डॉलर, तक्त्यावरील ३०,२५०. वीस मिनिटांत भावाचें बोलणें संपलें. चिरंजीवांना मात्र रुखरुख लागली. "नाना, हट्ट धरला असता तर आणखी उतरले असते," ते हळूच म्हणाले. उतरलेहि असते! ही सर्वांत कमी किंमत असते असें आमचें म्हणणें नाहीं. भांडण्याची हौस व वेळ ज्याला आहे त्याला याहून स्वस्त मिळूं शकेल. पण शनिवारची ती खालीं गेलेली मान आम्हीं पाहिली होती. ती पुन्हा पाहण्यापेक्षां चार-दोनशें डॉलर गेलेले बरे, असें आम्हांला वाटलें.

खरी परीक्षा पुढेंच होती. सह्यांसाठीं आम्हांला दुसऱ्या खोलींत नेलें. तेथील गृहस्थ फार गोड बोलत. जादा मुदतीची हमी, रंगावरील लेप, चाकांचें संरक्षण, असें सर्व धरून हप्ता "केवळ ३८ डॉलरांनीं" वाढेल, असें त्यांनीं सांगितलें. चिरंजीवांनीं लेखणी उचललीहि होती. श्लोकाचा अन्वय लावतांना आम्ही मुलांना आधीं क्रियापद शोधावयास लावीत असूं; तशी अशा कागदांत आधीं एकूण रक्कम शोधावी. ती कोठें दिसेना, म्हणून आम्हीं खिशांतील पाकिटाच्या पाठीवर गुणाकार मांडला. हप्ते बहात्तर. ३८ गुणिले ७२ म्हणजे २,७३६ डॉलर! बाहेरच्या खोलींत वाचलेले अकराशें पन्नास आंतल्या खोलींत दुपटीहून अधिक होऊन जाणार होते. उत्पादकाची स्वतःची हमी तर होतीच. सूनबाईंनीं पाकीट पाहिलें आणि तीं कलमें काढावयास शांतपणें सांगितलें. त्या गृहस्थांनींहि जराहि न रागावतां तीं खोडलीं. त्यांना हें नवें नसावें. जुन्या गाडीला ते देत होते ती रक्कम कमी वाटली, म्हणून ती आम्हीं पुढें निराळी विकली. त्यांत चारशें डॉलर अधिक आले.

कांचेवरचा कागद खरेदीदारानेंच काढावयाचा असतो. तो सूनबाईंनीं आपल्या हातानें काढला व घरीं येऊन सासूबाईंना दाखविला. आमच्या सौभाग्यवती तुळशीबागेंत भाव करण्यांत मुरलेल्या. सारा वृत्तांत ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मला नेलें असतेंत तर आणखी पांचशें तरी उतरविले असते." त्याच रात्रीं पाळी संपण्याच्या सुमारास त्या पुन्हा खिडकीशीं जाऊन बसल्या. बारा वाजून दहा मिनिटांनीं नव्या गाडीचे दिवे आवारांत वळले, तेव्हां उठून त्यांनीं आमटी तापत ठेवली.