गळलेल्या शिंगांचा शोध

जुन्या घरांतील सहाणेजवळ चंदनाच्या खोडाबरोबर एक तपकिरी, खडबडीत तुकडा पुष्कळदां ठेवलेला असे. तो सांबरशिंगाचा. मुलाची छाती कफानें भरली कीं तो पाण्यांत उगाळून छातीवर त्याचा लेप देत. वैद्यांच्या शृंगभस्मालाही हेंच द्रव्य लागे, आणि सुऱ्यांच्या मुठीही त्याच्याच होत. हें शिंग येई कोठून? कांहीं शिकारींत मारलेल्या जनावरांचें असे, तर कांहीं रानांत आपोआप गळून पडलेलें आणि वाटसरूनें उचलून आणलेलें असे. असें शिंग रानांत कसें सांपडतें आणि सांपडल्यावर त्याचें काय करावें, या दोन प्रश्नांचा विचार खानदेशपुरता येथें करावयाचा आहे.

शिंग या एकाच शब्दानें मराठींत दोन निराळ्या वस्तूंचा बोध होतो. गाय, म्हैस, बकरी यांचें शिंग म्हणजे आंत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या द्रव्याचें आवरण. तें जन्मभर टिकतें. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय, हीं सर्व याच वर्गांतलीं. तापीकांठच्या माळावर आणि शेतांच्या कडेला दिसणारीं जनावरें बहुधा यांपैकीं असल्यामुळें तेथें गळलेलें शिंग शोधणें व्यर्थ होय. सांबर, चितळ आणि भेकर यांचें शिंग मात्र सबंध हाडाचें असतें, आणि तें ठराविक काळानें मुळापासून निखळून पडतें. तें फक्त नरालाच येतें. भेकराचें शिंग वीतभरही नसतें; सांबराचें मीटरभर वाढूं शकतें, आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्याच्या प्रत्येक शिंगाला तीन टोकें असतात.

एवढें कठीण हाड गळतें कसें, याचें उत्तर नराच्या रक्तांत आहे. थंडीच्या दिवसांत सांबरांचा माजाचा काळ असतो. तो ओसरला कीं नराच्या शरीरांतील पौरुषद्रव्याचें प्रमाण उतरतें. मग शिंग आणि कवटीवरील त्याची बैठक यांच्या सांध्यांतील हाड आंतल्या आंत विरघळूं लागतें, आणि एके दिवशीं झुडपाचा धक्का लागून किंवा उडी मारतांना शिंग सुटतें. जखम कांहीं दिवसांत भरून येते आणि त्याच जागीं मखमली कातड्याखालीं नवें शिंग वाढूं लागतें. मध्य भारतांत सांबरांचीं शिंगें बहुतेक फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गळतात. नवीं शिंगें पावसाळ्यांत वाढतात आणि पाऊस सरल्यावर टणक होतात. शोधाचा हंगाम म्हणून उन्हाळा हाच.

खानदेशांत हा शोध मुख्यतः सातपुड्याच्या पायथ्याशीं आणि उतारावर घ्यावा लागतो. जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्य १९६९ सालीं स्थापन झालें; धुळें जिल्ह्यांत शिरपूर तालुक्यांतील अनेर धरणाभोंवतीं १९८६ सालीं दुसरें झालें. यावलच्या रानांत सांबर व भेकर दोन्ही आहेत. साग, सालई, धावडा, अंजन यांचें हें कोरडें, पानगळीचें रान चैत्रांत उघडें पडतें. दृष्टि दूरवर पोंचते हा लाभ. परंतु जमिनीवर सागाच्या मोठ्या पानांचा थर आणि वाळक्या फांद्यांचा पसारा असतो. शिंगाचा रंग फांदीचाच, आकारही फांदीसारखाच.

म्हणून पहिला नियम असा कीं, सबंध शिंग शोधूंच नये. पानांतून वर आलेलें एखादें घासून पांढरें झालेलें टोक, अथवा फांदीला न शोभणारी गुळगुळीत वांक, एवढेंच डोळ्यांनीं टिपावें. सूर्य डोक्यावर असतांना ऊनसावलीची जाळी दृष्टि फसविते. सकाळचें आणि सायंकाळचें तिरपें ऊन उपयोगी पडतें, कारण त्यांत टोकें चमकतात आणि सावल्या लांबतात.

दुसरा नियम जनावराच्या दिनक्रमाचा. सांबर रात्रीं चरतें आणि दिवसा दाट सावलींत, उतारावर बसतें. उन्हाळ्यांत त्याला पाण्याजवळ यावेंच लागतें. तेव्हां बसण्याची जागा, चरण्याची जागा आणि पाणवठा यांना जोडणाऱ्या वाटा प्रथम ओळखाव्यात. वाट जेथें नाल्यांत उतरते, आडव्या पडलेल्या खोडावरून उडी घ्यावी लागते किंवा काटेरी झुडपांतून अंग चोरावें लागतें, तेथें धक्का बसून शिंग सुटण्याचा संभव अधिक. पाणवठ्यावर मात्र रेंगाळूं नये, कारण तहानलेलें जनावर माणसाच्या वासानें परत फिरतें.

तिसरा नियम जोडीचा. दोन्ही शिंगें क्वचितच एकाच जागीं पडतात. त्यांच्यांत तासांचें किंवा दिवसांचें अंतर असतें. एक सांपडलें कीं तेथें खूण करावी, त्याच वाटेनें दोन्ही दिशांना थोडें जावें आणि मग खुणेभोंवतीं वाढत्या वर्तुळांनीं जमीन पाहावी.

हे नियम न शिकतांही ज्यांना शिंगें दिसतात ते लोक म्हणजे सातपुड्यांतील पावरा, भिल्ल आणि तडवी. मोहाचीं फुलें आणि तेंदूचीं पानें वेंचण्याचे दिवस नेमके हेच. वेंचणाऱ्याची नजर जमिनीवरच असते.

सांपडलेलें शिंग वाचतांही येतें. ताज्या शिंगाचा रंग तपकिरी असतो, आणि बुंध्याशीं कधीं रक्ताची छटा असते. उन्हापावसांत तें पांढरें पडतें व त्याला भेगा जातात. त्यावर समांतर खोबणी दिसल्या तर त्या साळिंदराच्या दातांच्या. साळिंदर आणि उंदीर त्यांतील चुन्यासाठीं शिंग कुरतडतात, आणि उरलेला भाग मातींत जिरतो. परंतु सर्वांत महत्त्वाचा तो बुंधा. गळलेल्या शिंगाचा बुंधा गोलसर, खरखरीत असून भोंवतीं मण्यांसारखें कडें असतें. तेथें कवटीचा तुकडा चिकटलेला असेल किंवा करवतीची सपाट खूण असेल, तर तें शिंग गळलेलें नव्हे. तें मेलेल्या किंवा मारलेल्या जनावराचें होय.

अमेरिकेंत शिंगें वेंचण्याचा छंद मोठा आहे. वायोमिंग राज्यांतील जॅक्सन येथें बालवीर तेथल्या एल्क हरणांचीं शिंगें गोळा करतात, दरवर्षीं मे महिन्यांत त्यांचा लिलाव होतो, आणि उत्पन्नाचा मोठा भाग त्या हरणांच्या अभयारण्याकडे जातो. भारतानें निराळा मार्ग घेतला. १९२७ च्या वन अधिनियमानें शिंगें व हाडें हीं वनोपज ठरविलीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें त्यांचा बाळगणें व विकणें यांवर कडक निर्बंध घातले. अभयारण्यांत प्रवेशालाही परवानगी लागते. शिंग हातीं आलेंच, तर ४८ तासांच्या आंत पोलीस ठाण्यावर किंवा वनाधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते.

आपोआप पडलेल्या हाडासाठीं एवढी कडकाई कां, असें मोह वेंचणाऱ्याला वाटणें साहजिक आहे. वाटेंत दिसलेली वस्तु उचलल्याबद्दल गुन्हेगार ठरण्याचें भय त्यालाच अधिक. याचें कारण त्या बुंध्यांतच आहे. रानांत गळलेलें आणि मारलेलें ओळखतां येतें. पण शिंगाचे तुकडे झाले, भस्म झालें, सहाणेवर तें उगाळलें गेलें, कीं बुंधा उरत नाहीं. गळलेल्या शिंगाला बाजारांत किंमत आली, तर त्याच किंमतीला मारलेलेंही खपेल.

म्हणून खानदेशांत या शोधाचा शेवट शिंग घरीं आणण्यांत नाहीं. जागा, दिवस, लांबी आणि बुंधा यांची नोंद करावी, ती वनरक्षकाला सांगावी आणि शिंग होतें तेथेंच राहूं द्यावें. मारलेल्या जनावराचें असेल, तर त्या नोंदीनें गुन्ह्याचा माग लागेल. गळलेलें असेल, तर तें साळिंदराला पोंचेल. आणि तें टाकून गेलेला नर त्या दिवसापर्यंत या रानांत जिवंत होता, एवढी शुभवार्ता नोंदींत राहील.