चहा, कॅफिन आणि 'डोके शांत ठेवणारी' गोळी

परीक्षा जवळ आल्या की वस्तीतल्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत दिवे जळतात आणि चहाच्या फेऱ्या चालू राहतात. आता त्यात 'मन शांत, लक्ष एकाग्र' अशी जाहिरात करणाऱ्या गोळ्यांची भर पडली आहे. अशा अनेक गोळ्यांत एल-थिआनिन नावाचे अमिनो आम्ल असते, कधी सोबत कॅफिनही असते. घरखर्चातले पैसे त्यावर घालण्याआधी हे दोन पदार्थ काय करतात, ते आपण समजून घेऊ.

आपण जागे असतो तसतसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याची जागा अडवते. म्हणजे थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. प्रमाण वाढले की छाती धडधडते, हात थरथरतात. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मे पाच तासांनंतरही अंगात असते. रात्री दहाचा चहा पहाटे तीनपर्यंत छळतो तो यामुळेच.

थिआनिन १९४९ साली जपानमध्ये चहाच्या पानांत सापडले. ते गुंगी न आणता मन थोडे निवांत करते. काही छोट्या प्रयोगांत थिआनिन आणि कॅफिन एकत्र दिल्यावर लक्ष काही वेळ चांगले टिकले. पण हा फायदा थोडा आणि काही तासांपुरताच. थिआनिनमुळे बुद्धीचे काम सुधारते हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये तपासला आणि तो सिद्ध होत नाही, असे सांगितले. आपल्या चहातही थिआनिन असते, मात्र प्रयोगांत दिले त्याहून बरेच कमी.

मग करायचे काय?

• शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्या.
• जेवणासोबत चहा नको, तासाभराचे अंतर ठेवा. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांनी हे विशेष पाळावे.
• गरोदर बाईने चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच कॅफिन घ्यावे. साधारण दोन-तीन कप चहा पुरे.
• एनर्जी ड्रिंक मुलांना देऊ नका.
• रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी घेऊ नका.

दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. म्हणून रात्री दोनला लेकराच्या हाती चौथा कप देण्यापेक्षा दिवा मालवा आणि त्याला झोपू द्या. त्याला पैसे पडत नाहीत.