मूत्रपिंडाच्या धमन्या: नियम किती, अपवाद किती?

शाळेच्या पुस्तकापासून वैद्यकीय महाविद्यालयातल्या तक्त्यापर्यंत चित्र एकच असते: कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर महाधमनीतून दोन्ही बाजूंना एकेक धमनी निघते आणि मूत्रपिंडात शिरते. प्रत्यक्षात साधारण चारांतल्या एका माणसात, निदान एका बाजूला तरी, या चित्राचा मेळ बसत नाही. कुठे दोन धमन्या असतात, क्वचित तीन किंवा चार. एखादी तर मधली खाच टाळून थेट वरच्या किंवा खालच्या टोकात घुसते. इतक्या लोकांत दिसणाऱ्या रचनेला निव्वळ अपवाद म्हणून तळटीपेत ढकलणे योग्य नाही, आणि तिला व्यंग मानणे तर चूकच आहे.

याचे कारण गर्भावस्थेत आहे. मूत्रपिंड तयार होते ओटीपोटात आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास वर सरकते. प्रत्येक टप्प्यावर त्याला जवळच्या रक्तवाहिनीतून नवा पुरवठा मिळतो आणि खालचा जुना पुरवठा विरून जातो. हे विरणे अपुरे राहिले की जादा धमनी उरते. चढणच अडली, तर मूत्रपिंड ओटीपोटातच राहते आणि रक्त बहुधा तिथल्याच वाहिन्यांकडून घेते. दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांना जुळलेली असली, तर धमन्यांची संख्या आणि उगम आणखीच बदलतात. म्हणजे या विविधतेमागे गोंधळ नाही, वाढीचा क्रम आहे.

यावर आक्षेप येईल की, अशी माणसे आयुष्यभर ठणठणीत असतात, मग ही चर्चा कशाला? निरोगी माणसाने त्याची चिंता करू नये, हे खरेच. पण मूत्रपिंडातल्या धमन्या एकमेकींना मदत करत नाहीत. प्रत्येकीचा प्रदेश वेगळा, आणि एक बंद पडली तर तेवढा भाग मरतो. म्हणून ‘जादा’ धमनी फालतू नसते. शस्त्रक्रियेत ती नकळत कापली गेली, किंवा महाधमनीच्या फुगवट्यावर बसवलेल्या स्टेंटने तिचे तोंड झाकले, तर नुकसान ठरलेलेच.

प्रत्यारोपणात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. वरच्या टोकाची बारीक धमनी प्रसंगी सोडून देता येते; खालच्या टोकाची मात्र जपावी लागते, कारण मूत्रवाहिनीचे रक्त बहुधा तिच्याच फाट्यांतून येते. ती गेली तर मूत्रवाहिनी सडून लघवी गळू शकते. मृत दात्याकडून घेताना महाधमनीच्या तुकड्यासह सगळ्या धमन्या एकत्र उचलता येतात. जिवंत दात्याबाबत ती सोय नाही. तिथे दोन तोंडे शेजारी शिवतात, किंवा लहान धमनी मोठीच्या बाजूला जोडतात. मग एकाच धमनीचा दाता शोधणे बरे नाही का? निवडीला वाव असेल तर जरूर. भारतात मात्र १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर जिवंत दाता बहुधा जवळचा नातलग असतो, आणि घरात योग्य दाता अनेकदा एकच निघतो. अनुभवी हातांत अनेक धमन्यांची मूत्रपिंडेही चांगली चालतात, हे आता सिद्ध झालेले आहे.

शिकवण्यासाठी सोपे चित्र लागते, हा युक्तिवाद मान्य आहे. पण सोपे चित्र म्हणजे नियम नव्हे. सी.टी. अँजिओग्राफीमुळे शस्त्रक्रियेपूर्वीच प्रत्येकाचा नकाशा काढता येतो. तो काढणे ही जादा दक्षता नाही, तर रुग्णाच्या शरीराला पुस्तकापेक्षा अधिक प्रमाण मानण्याची किमान अट आहे.