मागच्या पडवीत वायफाय का येत नाही?



गटाच्या मीटिंगमध्ये हल्ली एक तक्रार सारखी कानावर येते. "वायफाय घेतलंय, दर महिन्याला पैसे जातात, पण मागच्या पडवीत काहीच चालत नाही." पोरांचे व्हिडिओ अडले तर तेवढं बिघडत नाही. पण कर्जत-खालापूरच्या ज्या ताया घरगुती जेवण देतात, त्यांचं गिऱ्हाईक पडवीतच बसतं. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धबधब्यावर येतात, पिठलं-भाकरी खातात आणि क्यूआरसमोर मोबाईल धरून उभी राहतात. डोंगराच्या कुशीत त्यांच्या सिमला रेंज नसते, आपलं वायफायही तिथं पोचत नाही. मग "नंतर पाठवतो" म्हणून गाडी निघून जाते. ते पैसे परत आले तर आले!

वायफायच्या लहरी कौलं, लाकूड, दार यातून जातात. पत्र्याला मात्र त्या आपटून परत फिरतात. लोखंड घातलेला स्लॅब, गोदरेजचं कपाट, फ्रीज, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी, सगळं आड येतं. मातीची जाड भिंत पावसात भिजली की आणखी अडवते. म्हणून काही घरांत उन्हाळ्यात चालणारं वायफाय आषाढात दगा देतं.

तेव्हा आधी पैसे खर्च करू नका, डबा हलवा. बसवणारा माणूस वायर जिथून आत येते तिथंच, बहुतेक टीव्हीच्या मागं, राउटर ठोकून जातो. त्याला तेव्हाच सांगायचं, "दादा, थोडी जास्तीची वायर ठेवा." राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. फायबरची बारीक वायर काचेची असते, ती स्वतः वाकवू-ओढू नका. मोबाईलवर पुष्कळदा एकाच वायफायची दोन नावं दिसतात. ज्याच्यापुढं ५जी लिहिलेलं असतं ते जवळून वेगवान, पण भिंतीपलीकडं लवकर दमतं. (सिमच्या ५जीशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) पडवीसाठी दुसरं, म्हणजे २.४ वालं धरा. नुसत्या एवढ्यानं पुष्कळांचं काम होतं.

नाहीच झालं तर बाजारात रिपीटर मिळतो, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. इथं बहुतेकजणी एकच चूक करतात. जिथं रेंज नाही तिथंच तो लावतात! ग्रामसभेत मागं बसलेल्यांना मधली बाई ऐकलेलं सांगते ना, तसाच तो आहे. तिलाच नीट ऐकू आलं नाही तर ती काय सांगणार? रिपीटर राउटर आणि पडवीच्या मध्ये, जिथं मोबाईलवर अजून चांगली रेंज दिसते तिथं लावा. साध्या रिपीटरवर वेग साधारण निम्मा होतो. पैसे पाठवायला, व्हॉट्सॲपला तेवढा पुरतो.

मला विचाराल तर वायर टाकणं सगळ्यात पक्कं. राउटरपासून पडवीपर्यंत लॅन केबल न्यायची, ती १०० मीटरपर्यंत चालते. दुसऱ्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावायचा. ती सेटिंग त्यात नसेल तर जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करून त्याचा आयपी नंबर बदलावा लागतो, आणि केबल लॅनच्या भोकात घालावी लागते. कॉलेजच्या पोराला हे वाचून दाखवा, तो करून देईल. पत्र्याच्या शेडमध्ये हाच उपाय बरा. बाहेरून जाणारी केबल पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. विजा कडकडायला लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवायचं. यात आळस नको.

वायफाय पडवीत आलं की आणखी एक सोय होते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू केलं की सिमला रेंज नसतानाही नेहमीच्याच नंबरवरून फोन लागतो. एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत आणली. तुमच्या हँडसेटमध्ये ती आहे का, तेवढं बघा. दरीतल्या पाड्यावर रात्री फोन लावायचा असेल तर याची किंमत कळते.

गिऱ्हाइकाला घरचा पासवर्ड मात्र देऊ नका. राउटरमध्ये 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय करता येतं, ते द्या आणि त्याचा पासवर्ड मधूनमधून बदला. राउटरबरोबर आलेला पासवर्ड तसाच ठेवला असेल तर तो आजच बदला.

राहिली लाईट. ती गेली की वायफाय गेलंच. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुतेकांवर १२ असतं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना जोडणारा यूपीएस मागा.