उजेडाची हाळी

मंडळी, समोरच्या डोंगरकड्याकडे तोंड करून हाळी द्या. दोन सेकंदांनी ती परत आली, तर कडा सुमारे ३४० मीटरवर आहे असे समजा. साखळी लागली नाही, दोरी लागली नाही. नुसत्या वेळावरून अंतर कळले. आकाशातही हीच युक्ती चालते. तिथे हाळी असते उजेडाची.

वैशाखात रात्री अकराच्या सुमारास स्वाती नक्षत्र जवळजवळ डोक्यावर येते. त्याच भागात, पण सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर, एन. जी. सी. ५५४८ नावाची दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागी कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू तापून झळाळतो, आणि ही झळाळी कमीजास्त होत असते. भोवती वायूचे ढग फिरतात. मधला उजेड वाढला की ढगही उजळतात, पण थोड्या उशिराने. कारण उजेडालाही तिथवर पोचायला वेळ लागतो.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लांबून मधला उजेड कोणता आणि ढगांचा कोणता, हे ओळखायचे कसे? उत्तर वर्णपटात आहे. ढगांतला हायड्रोजन ठराविक रंगांच्या रेषांनी चमकतो.

१९८८-८९ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी या दीर्घिकेवर महिनोन्‌महिने पाळत ठेवली. हायड्रोजनची एक रेषा मधल्या उजेडाच्या मागून सुमारे २० दिवसांनी उजळते, असे दिसून आले. काही ढग आपल्या बाजूला, काही पलीकडे. तेव्हा ही सरासरी झाली. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ढग केंद्रापासून सुमारे ५२ हजार कोटी किलोमीटरवर, पृथ्वी आणि सूर्य यांमधील अंतराच्या साडेतीन हजार पट!

ढगांचा वेग रेषांच्या रुंदीवरून कळतो. अंतर आणि वेग हाती आले, की मधल्या वस्तूचे वजन काढता येते. ते भरले सुमारे ५ ते ७ कोटी सूर्यांइतके.

पुढे हे मोजमाप पुन्हा पुन्हा झाले. उशीर दर वेळी तेवढाच निघाला नाही. केंद्र जास्त तेजस्वी असताना तो वाढतो, असे आढळले. म्हणून एकदाच मोजून भागत नाही.

गुरुजींनी मुलांना कड्यासमोर नेऊन हाळीचे गणित जरूर करून घ्यावे. मग २० दिवसांचा गुणाकार फळ्यावर मांडावा. रीत एकच आहे, हे मुलांना आपोआप उमजेल.