नंदिविशालाचा स्वाभिमान

जातककथांतील पशुपक्षी विचार करतात, लाजतात, दुखावलेही जातात. म्हणून या कथा म्हणजे मुलांची करमणूक, असा समज रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे पालि जातकसंग्रहातील 28 व्या, नंदिविशाल बैलाच्या कथेवरून ध्यानात येते.

तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने नंदिविशालाला पुत्रवत् वाढविले. ते ऋण फेडावे, या हेतूने बैलानेच त्याला शंभर गाड्या ओढण्याची, एक हजाराची पैज लावावयास सांगितले. वाळू, खडी व दगडांनी भरलेल्या गाड्या एकामागे एक बांधल्या गेल्या. ब्राह्मणाने पराणी उगारली आणि बैलाला ‘कूट’, म्हणजे लबाड, म्हणून हाकारले. नंदिविशालाने चारही पाय खांबासारखे रोवले. पैज हरली. नंतर बैलाने धन्याला विचारले, की आपण कधी भांडे फोडले काय, कोणाला चेंगरले काय? धन्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या वेळी पैज दोन हजारांची होती. ब्राह्मणाने ‘भद्र’ असे संबोधले आणि शंभरही गाड्या हलल्या.

मुलांच्या पुस्तकांत बहुधा एवढीच गोष्ट येते व ‘गोड बोलावे’ या बोधावर संपते. परंतु प्रत्येक जातकाच्या आरंभी ती का सांगितली, हा प्रसंग असतो. त्यास पच्चुप्पन्नवत्थु म्हणतात. षड्वर्गीय भिक्खू शीलवान भिक्खूंना जात, गोत्र, काम, व्याधी यांवरून हिणवीत. त्यांना उद्देशून तथागतांनी ही कथा सांगितली. विनयपिटकातही हीच कथा येते आणि तेथे जातीवरून हिणविणे हा पाचित्तिय दोष ठरविला आहे. पशूलाही अपमान कळतो, मग माणसाला तो किती लागत असेल, हा या कथेचा गाभा होय.

पूर्वजन्माचे काय, असा प्रश्न उपासक विचारतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याचे संक्रमण नाकारले आहे. ते न मानताही या कथेतील नीती तसूभर उणी होत नाही.

धर्माबाद तालुक्यातील मुलाला बैल अनोळखी नाही. पोळ्याला त्याची शिंगे रंगवितात, पाठीवर झूल घालतात; आणि दुसऱ्याच दिवशी औतावर त्याला शिवी ऐकावी लागते. त्या मुलाला वर्षावासात ही कथा अवश्य सांगावी. मात्र प्रसंगासह सांगावी. जातीवरून मारलेली हाक ज्याच्या कानी कधी पडली असेल, त्याला नंदिविशाल का थांबला, हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. आपण थांबलो तर दोष आपला नव्हे, हेही त्याला कळेल.