एलेन टेरी: बिऱ्हाड पाठीवर घेतलेली नटी

व्हिक्टोरियन रंगभूमीची आवड असेल, तर एलेन टेरी हे नाव चुकवू नका! 🎭

जन्म १८४७, कॉव्हेंट्री. आईवडील दोघेही फिरते नट, म्हणून पोरीचा जन्मही दौऱ्यातलाच. १८५६ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात ती ‘द विंटर्स टेल’मधला छोटा राजपुत्र झाली.

सोळाव्या वर्षी लग्न झालं ते तीस वर्षांनी मोठ्या चित्रकार जी. एफ. वॉट्सशी. वर्षभरात दोघं वेगळी झाली. पुढे वास्तुरचनाकार गॉडविनबरोबर लग्नाविना संसार, दोन मुलं आणि काही वर्षं रंगभूमीपासून दूर. त्या काळात एवढं बदनामीला पुरेसं होतं; पण १८७४ मध्ये ती परतली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं.

१८७८ पासून नट हेन्री आयर्विंगच्या लायसियम थिएटरची ती प्रमुख नायिका. १८८३ मध्ये अख्खी मंडळी नेपथ्य, कपडेपट घेऊन बोटीने अमेरिकेला गेली. मग आगगाडीने गावोगाव प्रयोग! असे दौरे पुढेही होत राहिले.

लेडी मॅकबेथसाठी (१८८८) तिने घातलेल्या हिरव्या पोशाखावर खऱ्या भुंगेऱ्यांची चमचमती पंखकवचं शिवली होती. त्याच वेशातलं चित्रकार सार्जंटने काढलेलं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, तर मूळ पोशाख केंटमधल्या तिच्या स्मॉलहाइथ इथल्या घरात जपलाय.

१९२५ मध्ये ‘डेम’ किताब, १९२८ मध्ये निधन.

तिच्याबद्दल आणखी काही वाचलं असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा 👇

#एलेनटेरी #रंगभूमी